सोलापूरला गिरण्या होत्या, चादरी आहेत. मग कापूस कुठे गेला?

प्रश्न : काळीभोर

नमस्कार. माझे आजोबा सोलापुरातल्या एका कापडगिरणीच्या सूतकताई खात्यात तीस वर्षे होते. पाळी संपवून घरी आले की ते दारातच बंडी झटकत, आणि तरीही भुवयांवर नि कानांच्या पाळ्यांवर पांढरी लव चिकटलेली राही, असे आई सांगते. ज्या गावाने इतक्या गिरण्या पोसल्या त्या गावाभोवती कापसाचीच शेते असणार, असे मी कित्येक वर्षे न तपासता धरून चाललो होतो. गेल्या वर्षी उत्तर सोलापूर तालुक्यातली घरची चार एकर जमीन पाहण्याची जबाबदारी माझ्यावर आली, तेव्हा प्रथमच लक्षात आले की आमच्या शिवारात ज्वारी आहे, तूर आहे, कांदा आहे, ओढ्याकाठी ऊसही आहे. कापूस मात्र बांधावरसुद्धा नाही.

जमीन काळी, अडीच-तीन फूट खोल आहे. विहिरीचे पाणी संक्रांतीपर्यंत कसेबसे पुरते. कांद्याने लागोपाठ दोन वर्षे रडवल्यामुळे कापसाचा विचार मनात आला. पण बियाण्याच्या दुकानात चौकशी केली, तर "कापूस हे आपल्याकडचं पीक नव्हे" एवढ्या एका वाक्यात दुकानदाराने विषय मिटवला आणि कांद्याच्या बियाण्याचा डबा पुढे सरकवला. म्हणून येथे विचारतो. आपल्या भागात कापूस खरोखरच कधी नव्हता का? असल्यास कोणता होता आणि तो का गेला? आज माझ्यासारख्याने तो करावा का, आणि केल्यास वेचणीपर्यंत काय सांभाळावे लागते?

आणखी एक किरकोळ शंका आहे. जुलैमध्ये वस्तीवर म्हशींसाठी आणलेल्या पोत्यातली मूठभर सरकी (कापसाचे बी) मी गंमत म्हणून गोठ्यामागे टोबली होती. त्यातली तीन झाडे टिकली. आता डिसेंबरच्या सुरुवातीला खालची बोंडे छान उमलली आहेत, पण शेंड्याकडच्या पाच-सहा बोंडांची एखादीच पाकळी उघडली असून बाकीच्या तपकिरी आणि कडक राहिल्या आहेत. हा पाण्याचा दोष आहे की रोगाचा?

उत्तर १ : जॉबर

काळीभोर यांस, आपल्या आजोबांच्या भुवयांवरची लव वाचून बरे वाटले. मीही त्याच खात्यातून निवृत्त झालो आहे, तेव्हा शेतीविषयी कमी आणि गिरणीच्या बाजूने जास्त बोलतो.

दुकानदाराचे विधान आजच्यापुरते खरे असले, तरी इतिहास म्हणून चुकीचे आहे. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोहोचली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस अडला, १८६५ पर्यंत मुंबईच्या बाजारात कापसाला सोन्याचे मोल आले, आणि दख्खनच्या काळ्या जमिनीतला जो कापूस पूर्वी बैलांच्या पाठीवरून रखडत जाई, तो रुळांवरून जाऊ लागला. युद्ध संपल्यावर भाव कोसळले खरे, पण रूळ राहिले, व्यापारी राहिले आणि कापूस पिकवण्याची सवयही राहिली. या पायावर १८७४ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी निघाली, म्हणजे आपली 'जुनी गिरणी'. (कायद्याच्या विद्यार्थ्यांना ही गिरणी वेगळ्याच कारणाने ठाऊक असते, १९५० मध्ये सरकारने तिचा ताबा घेतला तो वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता.) बार्शीची पेठ तर कापसाच्या व्यापारासाठीच नावाजलेली होती. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी सुरू झाली, तिच्या डब्यांतून पंढरीच्या वारकऱ्यांइतक्याच इमानाने रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठींनीही प्रवास केला.

आता तो कापूस कोणता, हे पाहू. तो देशी, आखूड धाग्याचा होता. सुताचा 'नंबर' कसा ठरतो हे कळले की पुढचे आपोआप उलगडेल. एक पौंड वजनाच्या सुतात ८४० वारांच्या जितक्या लड्या बसतात तितका त्याचा नंबर. म्हणजे वीस नंबरच्या एका पौंडात अशा वीस लड्या भरतात. नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. आखूड धाग्यातून बारीक सूत काढू गेलात, तर तंतूंची एकमेकांवरची पकड कमी पडते आणि रिंग फ्रेमवर, म्हणजे सूत कातण्याच्या यंत्रावर, सुताची तार वारंवार तुटते. जाड सुताला तो चालतो. खादी, चादर, सतरंजी, जाडेभरडे धोतर यांसाठी देशी कापूस उत्तम होता, कारण त्याचा तंतू आखूड असला तरी जाड आणि दणकट असतो.

पुढे गिऱ्हाइकाला तलम कापड हवेसे झाले. स्वातंत्र्याच्या वेळी देशातल्या कापसाखालच्या क्षेत्रापैकी सुमारे ९७ टक्के क्षेत्र देशी वाणांचे होते, आणि सिंध-पंजाबातले ओलिताचे अमेरिकन कापसाचे पट्टे फाळणीत पलीकडे गेले. गिरण्या इकडे आणि लांब धागा तिकडे, अशी ती अडचण होती. मग लांब धाग्याचा ध्यास घेतला गेला. १९७० मध्ये सुरतच्या केंद्रातून 'एच-४' हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस आला, १९७२ मध्ये धारवाडहून 'वरलक्ष्मी' आला, आणि देशी कापूस हळूहळू बाजूला सरला. संकरित कापसाला खत-पाणी भरपूर लागते. ते पाणी आपल्या जिल्ह्यात जेथे जेथे पोहोचले, तेथे ऊस त्याच्या आधी जाऊन बसला होता. आज सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, टॉवेललाही आहे. मागावर चढणारे सूत मात्र बाहेरगावच्या सूतगिरण्यांतून येते.

शेतीचे उत्तर जाणकार देतील. मी एवढेच सांगतो की गाठ फोडली की कापूस शेतात कसा वेचला होता हे आम्हांला ब्लो-रूममध्ये, म्हणजे गाठीतला कापूस मोकळा करून साफ करण्याच्या खात्यात, पाच मिनिटांत कळत असे. पानांचा चुरा, कच्ची सरकी, सुतळीचे तुकडे, एकदा तर चुन्याची डबी निघाली होती. पाला-कचरा यंत्र बाजूला काढते, पण प्लास्टिकच्या पोत्याचा धागा काढत नाही. तो कार्डिंगमधून (पिंजणीतून), कताईतून, विणाईतून निमूट पुढे जातो आणि कापड रंगवल्यावर पांढऱ्या रेघेसारखा उठून दिसतो, कारण कापसाचा रंग त्याला चढतच नाही.

उत्तर २ : बार्शीची शेतकरीण

जॉबर काका, प्लास्टिकच्या पोत्याचा धडा मी पैसे मोजून शिकले आहे. पहिल्या वर्षी खताच्या रिकाम्या पोत्यांत भरून कापूस जिनिंगला, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, नेला. तेथल्या माणसाने मूठभर कापूस पिंजून पोत्याचे चार निळे धागे माझ्यासमोर ठेवले आणि ओलावा जास्त असल्याचे सांगून वजनातही कपात केली. ओलाव्याचे यंत्र मला दाखवले नाही याचा राग अजून आहे; धाग्यांबाबत मात्र तो बरोबर होता.

काळीभोर दादा, आधी पावसाचे पाहा. सोलापूरकडे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये दोन-तीन आठवड्यांचा खंड जवळजवळ ठरलेला असतो. आपली ज्वारी रब्बीची आहे ती याच कारणाने. सप्टेंबरची ओल काळ्या मातीत मुरते आणि ज्वारी तिच्यावर थंडीभर जगते. पलीकडे विजापूर-धारवाडकडे 'जयधर' नावाचा देशी कापूस होता, तोही ऑगस्ट-सप्टेंबरात पेरून उन्हाळ्याच्या तोंडी वेचत असत, म्हणजे त्याचे वेळापत्रक ज्वारीसारखेच होते. आजचा संकरित बीटी कापूस (बोंडअळीला मारणारे जिवाणूचे जनुक घातलेला) जूनमध्ये लावायचा. त्याला पाते (कळ्या) आणि फुले धरण्याच्या वेळी खंड भेटतो आणि बोंडे फुटण्याच्या वेळी परतीचा पाऊस. हे दोन्ही वार झेलण्याची तयारी असेल तरच उतरा. तुमची जमीन खोल आहे ही जमेची बाजू. खंडाच्या काळात विहिरीचे दोन पाणी देता आले तर पीक हातचे जाणार नाही.

लागवड पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय करू नका, आणि मे महिन्यात तर मुळीच नको. लवकर लावलेल्या कापसाला लवकर फुले येतात आणि जमिनीतून निघालेल्या गुलाबी बोंडअळीच्या पतंगांना आयते घर मिळते. बीटी कापूस २००२ मध्ये आला, दोन जनुकांचा २००६ मध्ये. हिरव्या बोंडअळीपासून त्याने आम्हांला वाचवले हे नाकारता येणार नाही. पण गुलाबी अळी त्याला सरावली, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिने काय केले ते कापूसवाल्या घरांत कोणी विसरलेले नाही. आता पिकावर नजर ठेवणे आपल्याकडेच आले. पाकळ्या मिटलेले, गुलाबाच्या कळीसारखे फूल दिसले की त्याला डोमकळी म्हणतात. ती तोडून आत पाहायची, अळी सापडतेच. हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावायचे, आणि एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तरच फवारणीचा पंप खांद्यावर घ्यायचा.

तुमच्या गोठ्यामागच्या झाडांवर मला याच अळीचा संशय आहे. ती बोंडात शिरली की मागचे छिद्र बुजून जाते, त्यामुळे बोंड वरून निरोगी दिसते, आणि उमलण्याच्या वेळी पाकळ्या चिकटून राहतात. आम्ही त्याला कवडी म्हणतो. एक कडक बोंड फोडा आणि दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या दिसतात का ते पाहा. शिवाय पोत्यातली सरकी ही संकरित कापसाची पुढची पिढी असते. तिच्यात गुण फुटून विखुरतात, तीन झाडे तीन तऱ्हेची निघतात. त्यावरून शेताचा अंदाज बांधू नका. म्हणूनच ४७५ ग्रॅमची बियाण्याची पिशवी दरवर्षी नवी घ्यावी लागते.

वेचणीबद्दल मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण कापूस शेतात पिकतो पण त्याची प्रत वेचणीत ठरते. दव उतरल्याशिवाय शेतात शिरायचे नाही, म्हणजे नऊ-साडेनऊच्या आधी नाही. पूर्ण उमललेले बोंडच घ्यायचे. खालून वर वेचत जायचे, कारण वरून सुरुवात केली तर हात लागून वाळलेल्या पानांचा चुरा खालच्या कापसावर पडतो. कमरेला सुती ओटी बांधायची, केस फडक्यात बांधायचे. बोंडाच्या बुडाशी वाळलेली टोकदार पाती असतात. घाईत ओढले तर ती कापसाबरोबर येतात आणि बोटेही फाडतात. सराईत बाई पाचही बोटे फुलासारखी जुळवून पाकळ्यांमधला सगळा कापूस एका हिसक्यात उचलते आणि बोंडाचे नख झाडावरच राहते. मला हे जमायला दोन हंगाम लागले. पहिल्या दोन वेचण्यांचा कापूस स्वच्छ आणि वजनदार असतो, तो वेगळा ठेवायचा. पावसात भिजलेला आणि कवडीचा त्यात मिसळला, तर सगळ्याचा भाव शेवटच्या मुठीप्रमाणे ठरतो.

मजुरीचे गणित आधीच करून ठेवा. आमच्याकडे यंदा किलोला बारा रुपये द्यावे लागले आणि चांगल्या हाताची बाई दिवसाला तीस-पस्तीस किलो वेचते. २०२५-२६ साठी हमीभाव मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये आहे. पण तो पदरात पाडायचा तर ओलावा आठ टक्क्यांच्या आसपास हवा, आणि बाराच्या वर गेला तर खरेदी केंद्र माल परत पाठवते. क्विंटलमागे बाराशे रुपये नुसत्या वेचणीला गेले, हे धरून बाकी हिशेब मांडा.

डिसेंबरअखेर पीक मोडायचे. पाणी शिल्लक आहे म्हणून फरदड, म्हणजे त्याच झाडांचे वाढवलेले दुसरे पीक, घेण्याचा मोह सर्वांना होतो, मलाही झाला होता. त्या चार-पाच क्विंटलांच्या लोभाने पुढच्या वर्षीची अळी आपण स्वतःच्याच रानात पोसतो. पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडे) उपटून शेताबाहेर काढायच्या, बांधावर रचून ठेवायच्या नाहीत.

उत्तर ३ : वनस्पतीवाचक

वरच्या चर्चेत 'देशी' आणि 'अमेरिकन' हे शब्द वाणांच्या अर्थाने आले आहेत, म्हणून थोडी भर घालतो. या वनस्पतीच जातीने वेगळ्या आहेत. माणसाने लागवडीखाली आणलेल्या कापसाच्या चार जाती असून त्यांपैकी दोन जुन्या जगातल्या आणि दोन अमेरिकेतल्या आहेत. जुन्या जगातल्या जातींच्या पेशीत २६ गुणसूत्रे असतात, अमेरिकेतल्या जातींत ५२. माणूस शेती करू लागला त्याच्या लाखो वर्षे आधी जुन्या जगातल्या कापसाचा एक पूर्वज आणि अमेरिकेतला एक रानटी कापूस यांचा निसर्गतःच संकर झाला आणि त्यातून ५२ गुणसूत्रांचे कापूस निपजले. म्हणजे अमेरिकन कापसाच्या रक्तात आपल्याकडच्या कापसाचे दूरचे नाते आहेच.

भारतीय उपखंडातला पुरावा फार जुना आहे. बलुचिस्तानातल्या मेहरगढ येथे तांब्याच्या मण्यात अडकून राहिलेले कापसाचे तंतू सात-आठ हजार वर्षांपूर्वीचे आहेत, आणि मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा मिळाला. आपला 'कापूस' संस्कृत 'कर्पास'वरून आला. भारतात झाडांना लोकर लागते, असे प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहून ठेवले, कारण ग्रीकांना लोकर मेंढीच्या अंगावरची ठाऊक होती.

एक गोष्ट शेतकरीणताईंच्या पावसाच्या मुद्द्याशी जोडून सांगावीशी वाटते. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी असते. फूल उमलल्यापासून साधारण तीन आठवडे ती फक्त लांब होते. पुढचे तीन-चार आठवडे आतून तिच्या भिंतीवर सेल्युलोजचे थर चढतात. बोंड फुटल्यावर ती वाळते, चपटी होते आणि पीळ घेते, आणि हे नैसर्गिक पीळ असतात म्हणूनच तंतू एकमेकांत गुंततात व सूत कातता येते. लांबीच्या काळात पाण्याचा ताण पडला तर तंतू आखूड राहतो. भिंत भरण्याच्या काळात अळी किंवा कडाक्याची थंडी आली तर तो कच्चा राहतो आणि रंग नीट घेत नाही. सोलापूरचा पावसाचा खंड नेमका पहिल्या काळात येतो.

देशी वाण पूर्णपणे संपलेले नाहीत. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे 'पी.ए. २५५' सारखे लांब धाग्याचे देशी वाण आहेत. त्यांचे बियाणे घरचे राखता येते आणि रसशोषक किडींचा त्रासही कमी असतो. बोंड मात्र लहान, त्यामुळे वेचणी महाग पडते.

काळीभोर

सर्वांचे आभार. काल वस्तीवर जाऊन कडक राहिलेली सहाही बोंडे विळ्याने फोडली. चारांमध्ये दोन-दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या, आणि त्यातली एक जोडी नखाने उकलली तर आत तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, गुलाबी अळी अंग आवळून झोपली होती. ताई, आपण सांगितले नसते तर मी त्या जोडसरकीकडे पाहिलेही नसते आणि पाण्याला दोष देत बसलो असतो. तिन्ही झाडे उपटून जाळली.

त्याआधी खालची दहा चांगली बोंडे, दव वाळल्यावर, पाच बोटे जुळवून वेचली. पाचव्या बोंडापर्यंत पातीचे तुकडे येतच होते. आईने स्वयंपाकघरातला काटा दिला. कापूस भरला ४१ ग्रॅम. संध्याकाळी आम्ही दोघांनी बसून सरकी वेगळी केली, त्याला तास गेला; रुई १४ ग्रॅम आणि सरकी २७ ग्रॅम निघाली. आजोबा ज्या खात्यात तीस वर्षे उभे होते तेथे येणारी रुई अशी तिसऱ्या हिश्श्याची असते, हे आईलाही माहीत नव्हते.

येत्या हंगामात चार एकरांपैकी साडेतीन एकरांत नेहमीप्रमाणे ज्वारी आणि तूर ठेवतो. विहिरीजवळच्या अर्ध्या एकरात जूनमध्ये देशी वाण लावावा असे ठरवले आहे, कारण बियाणे घरचे राहील आणि वेचायला आम्ही घरातलेच पुरू. जॉबर काका, ही १४ ग्रॅम रुई जपून ठेवली आहे. धाग्याची लांबी घरच्या घरी कशी पाहतात?

जॉबर

चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून मधोमध तोडा. एका हातातले टोक दुसऱ्या हाताने पुन्हा पुन्हा ओढून तंतू एकमेकांवर नीट सरळ रचत जा, म्हणजे चपटा झुबका तयार होईल. तो काळ्या कापडावर ठेवा आणि पट्टीने मोजा. तुरळक लांब तंतू दिसतात ते सोडून, जेथपर्यंत झुबका दाट दिसतो तेथपर्यंतची लांबी धरायची. काळे कापड नसेल तर काळ्या रंगाच्या सोलापुरी चादरीची कडसुद्धा चालते. आम्ही खात्यात तेच करत असू. आकडा आला की येथे लिहा.

काळीभोर

तीनदा मोजले. दोन वेळा २६ मिलिमीटर आले, एकदा २७.

जॉबर

२६ धरा. पहिल्या दिवशी प्रत्येकाचा हात एकदा चुकतोच.